नवा ट्रॅव्हल ट्रेलर ताब्यात घेऊन घरी आणणे (ओहायो ते न्यू जर्सी)

रानवाट

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं तंबूत कॅम्पिंग केल्यावर आता आमच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर येतोय. ओहायोत कोलंबसजवळच्या एका डीलरकडे पसंत केला, ॲडव्हान्सही भरला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताबा मिळेल. तिथून एडिसनला घरी आणायचा, म्हणजे पाचशेच्या वर मैल. आय-७१ ने वर जाऊन मग आय-८० धरायचा विचार आहे.

याआधी मी फक्त भाड्याचा छोटा सामानाचा ट्रेलर ओढलाय. डीलर म्हणतो, "तासाभरात सगळं समजावून देतो, दुपारी निघालात तर मध्यरात्रीपर्यंत घरी." मला हे घाईचं वाटतंय. ज्यांनी असा नवा कोरा ट्रेलर लांबून आणलाय त्यांनी सांगा: डीलरकडे काय काय तपासून घ्यावं, आणि पहिल्याच दिवशी एवढं अंतर ओढावं का?

---

निवांत

अभिनंदन! आमचाही पुढच्या वर्षी विचार आहे. वाचतेय.

---

अनघा_के

अभिनंदन रानवाट. दुपारी निघून मध्यरात्री घरी हा बेत आजच रद्द करा. नवा ट्रेलर, नवा हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा), अनोळखी ब्रेक, त्यात रात्रीचे पेनसिल्व्हेनियाचे डोंगर. दिवसाउजेडी जितकं होईल तितकंच चालवा.

आमचा ट्रेलर मीच ओढते, नवरा नकाशा आणि मुलं सांभाळतो. पहिल्या दिवशी जास्तीत जास्त दीडशे-दोनशे मैल आणि चारच्या आत मुक्काम, हे आमचं ठरलेलं असतं. उजेडात पोचलं की बॅक करणं, लेव्हल करणं, पाणी-वीज जोडणं सगळं शांतपणे होतं.

---

घाटमाथा

ट्रेलर कोणता आणि ओढणारी गाडी कोणती? हे दोन्ही कळल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याला अर्थ नाही.

---

रानवाट

गाडी तीन रांगांची एसयूव्ही आहे, कंपनीच्याच टो पॅकेजसकट. क्षमता ५,००० पौंड. ट्रेलर २२ फुटी. माहितीपत्रकात कोरडं वजन ३,८५०, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) ४,९०० आणि हिच वेट ४३० पौंड दिलंय. सेल्समन म्हणाला, अगदी आरामात ओढेल.

---

घाटमाथा

रानवाट, आज संध्याकाळी दोन ठिकाणी जाऊन वाचा.

एक, ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं तिथे लिहिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा पेलोड. दोन, गाडीखाली वाकून हिच रिसीव्हरवरची (हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीवरची) चिठ्ठी. त्यावर ट्रेलरचं कमाल वजन आणि कमाल टंग वेट (म्हणजेच हिच वेट: ट्रेलरच्या जिभेचा, पुढच्या दांड्याचा, गाडीवर पडणारा भार) असे दोन आकडे असतात. ५,००० पौंडांच्या बऱ्याच एसयूव्हींमध्ये दुसरा आकडा ५०० असतो.

आता हिशेब. ४३० हा रिकाम्या ट्रेलरचा आकडा. बहुतेक माहितीपत्रकांत त्यात बॅटरी आणि भरलेला गॅस धरलेला नसतो. २० पौंडी प्रोपेनचा सिलिंडर भरल्यावर टाकीसकट ३७-३८ पौंड होतो. असे दोन, शिवाय ५० पौंडांच्या आसपासची बॅटरी, आणि हे सगळं ट्रेलरच्या जिभेवरच बसतं. म्हणजे उशीसुद्धा आत टाकायच्या आधी तुम्ही ५०० च्या वर गेलात.

भांडी, अंथरुणं, खुर्च्या, थोडं पाणी धरून ट्रेलर सहज ४,७०० होईल. टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. १२-१३ टक्के धरलं तरी ५६० ते ६१०. घरात माणसं किती? चौघं असाल तर पेलोडमधून आधी तुमची वजनं जातील, मग हे टंग वेट, मग हिचच्या सामानाचं वजन. उरेल त्यात डिकी भरायची.

क्षमतेचा ५,००० चा आकडा सगळे पाहतात. गाडी अडते ती आधी पेलोडला आणि रिसीव्हरला.

---

देवगडकर

घाटमाथा, इतकं घाबरवू नका हो नवीन माणसाला. मी अशाच गाडीने जवळपास याच वजनाचा ट्रेलर फ्लोरिडापर्यंत नेलाय आणि आणलाय. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा, सावकाश चालवा, झालं. आकडे लिहिताना कंपन्या हात राखूनच लिहितात.

---

घाटमाथा

देवगडकर, सपाट फ्लोरिडा आणि एप्रिलमधल्या वाऱ्यातलं पेनसिल्व्हेनिया यांत फरक आहे. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचमुळे मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो, त्यामुळे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट काम करतात. पण रिसीव्हर ५०० चा असेल तर तो ५०० चाच राहतो, चिठ्ठीवर दुसरा आकडा दिला नसेल तर. शिवाय काही एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये हा हिच लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. रानवाट, मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण पूर्ण वाचा.

---

रानवाट

घाटमाथा, बघितलं. दारावरचं स्टिकर १,३८० पौंड. रिसीव्हरवर ५,००० आणि ५००. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आम्ही चौघं मिळून ५६० पौंड.

एक शंका. ट्रेलरमधलं सामान मागच्या बाजूला ठेवलं तर टंग वेट कमी होईल ना? मग ५०० मध्ये बसेल का?

---

हायवेवरचा

नाही! हे कुणीही करू नका.

मी अठरा चाकी चालवतो, आय-८० वर माझं सतत येणं-जाणं असतं, म्हणून कळकळीने लिहितो. बैलगाडीत मागे जास्त भार पडला की गाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. जिभेवरचं वजन १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ४० च्या वेगाला काही जाणवत नाही. ६० ला उतारावर शेजारून माझ्यासारखा ट्रक गेला की त्याच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. तिथून डुलणं सुरू होतं आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

कधी डुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडीत बसवलेल्या ट्रेलर-ब्रेक कंट्रोलरची हाताने दाबायची कळ हलकेच दाबा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. ती कळ कुठे आहे हे न बघता हाताला सापडलं पाहिजे. डीलरच्या आवारात उभ्या गाडीत याचा सराव करा.

---

कोयना

हायवेवरचा, हे छापून गाडीत ठेवणार आहे. __/\__

---

देवगडकर

मागे सामान नको, हे शंभर टक्के मान्य. तरी रानवाट, माझा अनुभव खोटा नाही. तुम्ही पाण्याच्या टाक्या रिकाम्या ठेवून, मोजकं सामान घेऊन, ५५ ने आणलात तर घरी पोचाल.

---

अनघा_के

देवगडकर, घरी एकदा पोचतीलही. पुढच्या प्रत्येक सहलीला काय करायचं? मुलं मोठी होणार, सायकली येणार. रिकाम्या टाक्यांनी ट्रेलर घरी आणता येतो, पण पाण्याशिवाय कॅम्पिंगला किती दिवस जाणार? ४० गॅलन पाणी म्हणजेच ३३० पौंडांच्या वर.

रानवाट, डीलरशी बोला. सही व्हायच्या आधी सगळं बदलता येतं.

---

पाटीलवाडा

माझा मेहुणा पंजाबी ढाब्यावर मालकाला म्हणाला होता, "रोटी मोजू नका, पोट मोजा." इथे नेमकं उलटं, पोट मोजा आणि रोटीही मोजा :)

---

शुभंकर

थोडं अवांतर. कोलंबसपर्यंत जाताय तर त्याच्या वायव्येला जॅक्सन सेंटर नावाचं छोटं गाव आहे. चकचकीत ॲल्युमिनियमचे एअरस्ट्रीम ट्रेलर तिथे बनतात. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी आणि १९५२ पासून ओहायोत कारखाना. माणसं हाताने रिव्हेट ठोकताना पाहिली की ट्रेलर कसा उभा राहतो ते कळतं. आणि इंडियानात एल्कहार्टला आरव्हींचं मोठं संग्रहालय आहे, जुने ट्रेलर आत जाऊन बघता येतात. देशातले बहुतेक ट्रेलर त्याच भागात तयार होतात.

---

निवांत

शुभंकर, एल्कहार्टचं संग्रहालय यादीत टाकलं. मुलांना आवडेल ना?

---

शुभंकर

मोठ्यांनाच जास्त आवडतं. १९३० च्या दशकातल्या ट्रेलरमधलं इवलंसं स्वयंपाकघर पाहून आमच्या आई तिथून हलेनात.

---

कोयना

मी लाँग आयलंडला असते, म्हणून रस्त्याबद्दल. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलर नेता येत नाहीत आणि तिथले जुने पूल फार बुटके आहेत. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेलाही ट्रेलरला बंदी. फोनवरचा नेहमीचा नकाशा हे काही बघत नाही, लहान गाडी समजून कुठेही घालतो. ट्रेलरची उंची, लांबी, गॅस भरता येईल असं आरव्हींसाठीचं ॲप घ्या. रानवाट, तुमच्या वाटेत पार्कवे नाहीत, पण पुढे इकडे समुद्रावर याल तेव्हा लक्षात ठेवा.

दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी: बाल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही. तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल मार्च २०२४ मध्ये पडल्यापासून पूर्वेचा मार्ग बंद आहे, त्यामुळे आय-६९५ ने पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो.

---

रानवाट

मंडळी, आठवडाभर डीलरशी बोलणं चाललं होतं. आम्ही २२ फुटी सोडून त्याच कंपनीचा १८ फुटी घेतोय. जीव्हीडब्ल्यूआर ३,८००, रिकामं हिच वेट ३४०. ॲडव्हान्स त्याने इकडे वळवून दिला. भरून ३,६०० झाला तरी १२ टक्क्यांनी ४३० च्या आसपास, म्हणजे ५०० च्या आत. मुलांना बंक बेड हवा होता, तो यातही आहे. बायकोला मोठं फ्रिज हवं होतं, ते गेलं.

घाटमाथा, अनघाताई, हायवेवरचा, मनापासून धन्यवाद. आता मूळ प्रश्नाकडे वळूया. डीलरकडे काय काय बघू?

---

देवगडकर

चांगलं केलंत. मीही पुढच्या वेळी ट्रेलर वजनकाट्यावर तोलून घेईन.

---

मीरा_ओहायो

रानवाट, मी सिनसिनाटीला असते. आमचे दोन्ही ट्रेलर डीलरकडे उभं राहून पूर्ण तपासून मगच घेतले, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण रक्कम आणि शेवटची सही तपासणीनंतर. आधी फोनवर सांगून ठेवा की तपासणीला तीन-चार तास लागतील, सकाळची वेळ द्या, ट्रेलर वीज आणि पाण्याला जोडलेला असू द्या. फ्रिज गॅस-विजेवरचा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी चालू करून ठेवायला सांगा, ते थंड व्हायला कित्येक तास घेतात. १२ व्होल्टचं असेल तर लवकर थंड होतं.

एप्रिलमध्ये ट्रेलर बहुधा विंटराइज केलेला (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढून अँटिफ्रीझ भरलेला) असेल, म्हणजे नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ येईल. ते काढून पाण्याची परीक्षा घ्यायलाच हवी. "थंडी आहे, पाणी नको सोडायला" असं म्हणाले तर दिवस बदला. पाणी न सोडता घेतलेल्या ट्रेलरमध्ये गळती कुठे आहे ते तुमच्या पहिल्या सहलीला कळतं.

पाण्याची परीक्षा अशी. टाकीत थोडं पाणी, पंप चालू, सगळे नळ उघडून हवा जाऊ द्या, मग सगळे बंद करा. पंप काही सेकंदांत गप्प झाला पाहिजे. आता आतले दिवे, पंखे, सगळं बंद करून पाच-दहा मिनिटं नुसते बसा. मध्येच पंप टुर्र करून पुन्हा थांबला, तर कुठेतरी पाणी झिरपतंय. टॉर्च घेऊन सिंकखाली, कमोडच्या मागे, वॉटर हीटरच्या जोडांभोवती कोरडा पेपर टॉवेल फिरवा. हाताला ओल जाणवत नाही तिथेही कागदावर डाग दिसतो. आमच्या दुसऱ्या ट्रेलरमध्ये शॉवरच्या मागच्या जोडाला असाच डाग आला, तंत्रज्ञाने पान्याने अर्धा आटा फिरवला आणि गळती थांबली. घरी आल्यावर ते समजलं असतं तर तोवर खालची लाकडी फळी फुगली असती.

वॉटर हीटरमध्ये पाणी भरल्याची खात्री केल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू देऊ नका. रिकाम्या टाकीत एलिमेंट लगेच जळतं. विंटराइज करताना हीटर वगळण्यासाठी बायपास व्हॉल्व्ह वळवलेला असतो, तो परत वळवला का ते विचारा.

मग डीलरकडून शिडी मागून घ्या आणि छतावर चढा. व्हेंट, अँटेना, एसीभोवतीचं सीलंट सलग हवं, भेग किंवा राहून गेलेली जागा नको. फर्नेस, एसी, स्टोव्ह, सगळे दिवे, सगळी सॉकेट्स, प्रत्येक खिडकी, प्रत्येक कुलूप. जे राहिलं ते तोंडी मान्य करून घेऊ नका, राहिलेल्या कामांच्या कागदावर लिहून डीलरची सही घ्या.

---

पाटीलवाडा

मीराताई, तुम्ही लग्नात मुलगा बघायला जाता का? आमच्या धाकट्यासाठी तुम्हालाच पाठवू :)

---

मीरा_ओहायो

पाठवा. सीलंट नक्की बघेन. :)

---

घाटमाथा

मीराताईंना पूर्ण अनुमोदन. खालची बाजू मी लिहितो.

टायर: बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नव्या ट्रेलरचे टायर आवारात फार काळ उभे राहिलेले नसावेत. एसटी (खास ट्रेलरच्या) टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर ते ताशी ६५ मैलांपर्यंतचे धरा. हवा सकाळी थंड टायरमध्ये, ट्रेलरवरच्या चिठ्ठीप्रमाणे. स्पेअरही तपासा, त्यात हवा नसणं फार वेळा दिसतं.

लग नट: नव्या चाकांचे नट पहिल्या मैलांत बसतात आणि ढिले होतात. टॉर्क रेंच सोबत न्या. १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून मॅन्युअलमधल्या आकड्याने परत आवळा. ही गोष्ट डीलर क्वचितच सांगतात आणि चाक निखळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

हिच जोडताना: कपलरवर (ट्रेलरच्या टोकाच्या, हिचच्या बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) बॉलचा आकार लिहिलेला असतो, बॉलवरही कोरलेला असतो. दोन्ही जुळलेच पाहिजेत. दोन इंची बॉल मोठ्या कपलरमध्ये वरवर बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. लॅच बंद करून पिन घाला आणि मग टंग जॅकने ट्रेलर वर उचला. गाडीची मागची बाजूही सोबत दोन-तीन इंच वर आली, तर बॉल खरोखर पकडलाय. मी दर वेळी हे करतो.

साखळ्या कपलरखालून एकमेकींवरून तिरक्या, म्हणजे कपलर सुटलाच तर जीभ रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर पडेल. ब्रेकअवेची तार साखळ्यांना नाही, गाडीला वेगळी अडकवा. ती ओढली गेली की ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात, म्हणून बॅटरी चार्ज असली पाहिजे.

ब्रेक कंट्रोलर: तुमच्या गाडीत आहे का? टो पॅकेज असलं तरी एसयूव्हीत तो बहुधा वेगळा लावावा लागतो. जायच्या आधी लावून घ्या. डीलरच्या आवारात किंवा मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांच्या वेगाला फक्त हाताची कळ दाबून बघा. ट्रेलरची चाकं घासतील इतका गेन (ब्रेकचा जोर) वाढवा, मग थोडा कमी करा.

---

रानवाट

कंट्रोलर नव्हता! याच शनिवारी बसवून घेतोय. यादी केली, दोन पानं झाली.

पहिल्या रात्रीबद्दल काय म्हणता? बायको म्हणते डीलरजवळच राहू.

---

अनघा_के

वहिनी बरोबर सांगतायत. डीलरपासून तासाभराच्या आत कॅम्पग्राउंड घ्या आणि तिथे ट्रेलरमध्ये झोपा. अंघोळ करा, स्वयंपाक करा, हीटर रात्रभर चालवा. जे बिघडायचं ते तिथे बिघडू द्या, सकाळी परत डीलरकडे जाता येतं. पाचशे मैल लांबून दुरुस्तीला आणायचा म्हणजे फार खर्चिक.

---

देवगडकर

याला माझा विरोध. एप्रिलमध्ये बरीच कॅम्पग्राउंडं मेपर्यंत बंद असतात, उघडी असली तरी नळाला पाणी नसतं. त्यापेक्षा हॉटेलात झोपा, ताजेतवाने निघा.

---

मीरा_ओहायो

देवगडकरांचा मुद्दा खरा आहे, फोन करून विचाराच. पण तिसरा मार्ग आहे. बऱ्याच डीलरांच्या आवारात ताबा घेणाऱ्यांसाठी वीज-पाण्याच्या एक-दोन जागा असतात. आम्ही एकदा तशीच रात्र काढली. रात्री फर्नेस सुरू होईना, सकाळी आठला तंत्रज्ञ दारात. विचारून बघा.

---

हायवेवरचा

अनघाताईंच्या बाजूने माझं मत. आणि रस्त्याबद्दल थोडं.

आय-८० वर क्लिअरफील्ड काउंटीत २,२५० फुटांचा सर्वोच्च बिंदू लागतो, मिसिसिपीच्या पूर्वेला या रस्त्यावरचा सगळ्यात उंच. तिथली पाटी दिसेल. त्या पट्ट्यात चढ-उतार लांबलचक आहेत आणि कडेला वारा आडवा येतो. टो-हॉल मोड (गाडीतलं ओझं ओढण्यासाठीचं गिअरचं सेटिंग) चालू ठेवा, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. उजव्या लेनमध्ये ६० च्या आत राहा. आम्ही ट्रकवाले तुम्हाला ओलांडून जाऊ, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही शेजारी येताना दिसलो की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

डेलावेअर वॉटर गॅपला नदीकाठची वळणं आहेत, तिथे वेग आणखी कमी. पेट्रोलला ट्रकस्टॉपच्या आरव्ही लेन बघा, साध्या पंपावर वळताना ट्रेलरचं मागचं टोक बाहेर फिरतं आणि खांबाला लागतं. मायलेज निम्म्यावर येईल, त्या हिशेबाने थांबे ठरवा. पहिल्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केलवर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) वजन करून घ्या, तिथेच खरा आकडा कळेल.

---

कोयना

बॅक करण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला हात न्यायचा. थोडंसंच वळवा, थांबा, बघा. मागे उभं राहणाऱ्याने तुम्हाला आरशात दिसत राहायचं, आणि बोलणं फोनवर. पहिल्या मुक्कामाला पुल-थ्रू (एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर) जागा घेतलीत तर बॅक करायची वेळच येणार नाही.

---

निवांत

आम्ही दोघं "डावीकडे! तुझं डावं!" यावरून कसे भांडू ते आत्ताच दिसतंय :)

---

रानवाट

ट्रेलर घरी आला!

डीलरच्या आवारातच जागा मिळाली, मीराताई. तपासणीला जवळजवळ चार तास गेले. पंपाची परीक्षा केली तेव्हा सिंकखालचा जोड ओला निघाला, तिथेच बदलून घेतला. छतावर मागच्या व्हेंटजवळ सीलंट राहिलं होतं, तेही भरून घेतलं. स्पेअरमध्ये हवा नव्हती, घाटमाथा! राहिलेल्या कामांच्या कागदावर एका खिडकीची जाळी तेवढी आहे, ती पोस्टाने पाठवणार आहेत.

सेल्समन सारखा घड्याळ बघत होता. बायकोने त्याला खुर्ची दिली आणि यादी पुढे चालू ठेवली.

लग नट दहा मैलांवर तपासले तर दोन नट पाव आटा फिरले. पंचवीसवर एक. पन्नासवर एकही नाही. कॅट स्केलवर ट्रेलर ३,४०० च्या खाली. क्लिअरफील्डच्या पुढे वारा जोराचा होता, ५५ वर राहिलो. एक ट्रक ओलांडून गेला तेव्हा हलका धक्का बसला, पण डुलला नाही. मुक्काम ब्लूम्सबर्गजवळ पुल-थ्रू जागेत, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी.

आता नवा प्रश्न. ड्राइव्हवेवर ट्रेलर ३० अँपला जोडायचाय. ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो ड्रायरसारखं आउटलेट टाकून देतो. चालेल ना?

---

वायरमन

नाही, थांबवा त्याला! मी खास हे लिहायला लॉगिन केलं.

ड्रायरचं ३० अँप आउटलेट २४० व्होल्टचं असतं. ट्रेलरचं ३० अँप १२० व्होल्टचं: एक हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. प्लगची तिन्ही टोकं बघून आणि ३० हा आकडा ऐकून चांगले इलेक्ट्रिशियनही इथे फसतात. २४० सोडलं की ट्रेलरमधला कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, एसी सगळं काही क्षणांत जळतं. त्याला टीटी-३० हे नाव सांगा, पॅनेलमध्ये सिंगल पोल ३० अँपचा ब्रेकर आणि १० गेजची वायर. अंतर जास्त असेल तर वायर आणखी जाड. झाल्यावर ट्रेलर जोडायच्या आधी स्वतः मल्टिमीटर लावून हॉट आणि न्यूट्रलमध्ये १२० येतंय ते बघा.

---

रानवाट

वायरमन, आत्ताच त्याला फोन केला. उद्या येणार होता. टीटी-३० लिहून पाठवलंय, आणि मल्टिमीटर मागवला.

---

घाटमाथा

ट्रेलर ड्राइव्हवेवर ठेवायचा असेल तर तुमच्या एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) नियमही बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू देत नाहीत. स्टोरेजची जागा लागली तर उन्हाळ्याआधीच बघा, मे महिन्यात सगळ्या भरतात.

---

निवांत

रानवाट, फोटो टाका ना! आणि बंक बेडवर कोण झोपलं?

---

रानवाट

धाकटी. मोठ्याला उंचीची भीती वाटली, तो खालच्या बेडवर. फोटो उद्या टाकतो, आत्ता दोघंही ट्रेलरमध्येच आहेत आणि जेवायला घरात यायला तयार नाहीत.